गालात अडकलेली फुंकर

पावसानं त्याला माझ्या दारात आणून उभं केलं, असं सेली पुढे सगळ्यांना सांगायची. खरं तर यात पावसाचं काही कौतुक नाही. तळ्याकाठच्या सांता ब्रिगिदात जुलै महिन्यात पाऊस कुणालाही कुठेही उभं करतो. दार उघडायला लावलं ते पुतोनं.

दुपारची वेळ. डॉक्टर अरासेली पुन्सालान, म्हणजे आपली सेली, दवाखान्यात एकटीच बसली होती. काचेच्या दारापलीकडे छपराखाली एक माणूस पावसाचा जोर कमी व्हायची वाट बघत होता. एका काखेत ट्रम्पेटची काळी पेटी, हातात कागदात बांधलेले गरम पुतो... तांदळाचे ते पांढरेशुभ्र, वाफवलेले गोळे. त्यानं एक चावा घेतला. उरलेल्या तुकड्याकडे बघितलं. आणि घाईघाईनं तो तुकडा कागदात दडवला.

पण सेलीनं पाहिलं होतं. पांढऱ्यावर गुलाबी डाग होता.

ती उठली आणि तिनं दार उघडलं.

"हिरडीतून रक्त येतंय तुमच्या."

तो दचकला. "छे हो... लिपस्टिक असेल."

"पुतोला?"

"म्हणजे... माझ्या ओठाला लागलेली. कुणाची ते विचारू नका, बिचारीची अब्रू जाईल."

"आणि ही बिचारी रोज सकाळी तुमच्या ब्रशलाही लागते का?"

त्यानं रस्त्यापलीकडे बघितलं. समोर बँडचा हॉल होता. तिथून कुणीतरी तेच तेच सूर घोटत होतं. त्याचा आवाज एकदम खाली आला. "हळू बोला ना, डॉक. आत माझे वडील आहेत."

तेव्हा सेलीला ओळख पटली. हा बँड चालवणाऱ्या मायस्त्रो आमादोंचा मुलगा, देल्फिन मोहिका. गावच्या बँडचा ट्रम्पेटवाला. जवळून तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं, आवाज मात्र ऐकला होता. सरावाच्या वेळी सगळ्या गदारोळातून एक सूर असा वर यायचा की हातातलं काम थांबायचं. तो सूर ह्या तोंडातून येतो तर, असं तिच्या मनात आलं, आणि ती जरा जास्तच वेळ त्या तोंडाकडे बघत राहिली. दातांची डॉक्टर असल्यामुळे ते खपून गेलं.

"आत या. बघते."

"नको. आत गेलं की तुम्ही लोक दात उपटता."

यात त्याचीही चूक नव्हती. सांता ब्रिगिदात दातांच्या डॉक्टरकडे जायचं ते दात काढायलाच. हलला, काढा. दुखला, काढा. मग कवळी बसवा आणि विसरा. सेली मनिलात काही वर्षं काम करून परत आली ती एक यंत्र घेऊन. कोमट पाणी, हवा आणि अगदी बारीक पावडर एकत्र फवारून दातांवरचा, हिरडीखालचा जंतूंचा थर धुऊन काढणारं यंत्र. गावानं तिचं नाव 'पावडरवाली' ठेवलं आणि पुन्हा आपले दात काढायला शेजारच्या गावी जायला लागलं.

"माझ्याकडे दात न काढता पाठवायचीही सोय आहे," ती म्हणाली.

तो हसला, पण ओठ मिटूनच. पावसाकडे बघितलं, हॉलकडे बघितलं.

"तुमच्याकडे मागचं दार आहे का?"

"आहे. आमच्या स्वयंपाकघरातून."

"मग उद्या दुपारी... सगळे झोपलेले असतात तेव्हा." आणि पेटी शर्टाच्या आत धरून तो पावसात पळाला. पेटी कोरडी राहिली, तो नखशिखांत भिजला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सेलीची आई, आलिंग पासिंग, सुकी मासळी तळत असताना मागची कडी वाजली. दारात देल्फिन, केस नीट विंचरलेले, हातात पुतोंचा पुडा.

"हा कोण?" आईनं झारा न थांबवता विचारलं.

"पेशंट आहे, नानाय."

"पेशंट पुढच्या दारानं येतात," नानाय म्हणाली आणि पुढचं वाक्य तिनं तेलात सोडून दिलं.

खुर्चीत बसल्यावर मात्र त्याची सगळी मस्ती उतरली. दोन्ही हात त्यानं खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट आवळले. सेलीनं बारीक सळीनं एकेका दाताभोवती हिरडी तपासली. ठिकठिकाणी रक्त आलं. वरचा पुढचा एक दात बोटाला किंचित हलला.

"कधीपासून?"

"गेल्या पावसाळ्यापासून." मग एकदम सगळं बाहेर पडलं. त्याचे आजोबा, लोलो कास्तोर, आसपासच्या गावांत नावाजलेले ट्रम्पेटवाले होते. त्यांच्या हिरड्या अशाच सुटल्या. एक दात काढला, मग दुसरा, मग सगळेच. ट्रम्पेट ओठांवर दाबायचं तर ओठांमागे दात लागतात. "आता लोलो झांजा वाजवतात, डॉक. झांजांना दात लागत नाहीत. आमच्या घरात ट्रम्पेट जातं ते दातांबरोबर... आणि ह्या वर्षी जत्रेतल्या दोन बँडच्या जुगलबंदीचा सोलो वडिलांनी पहिल्यांदा मला दिलाय. त्यांना कळलं तर माझ्याही हातात झांजा देतील."

"म्हणून लपवताय?"

"तुम्ही नाही सांगणार ना?"

"पेशंटच्या तोंडातलं मी बाहेर बोलत नाही," सेली म्हणाली. मग तिनं त्याला खरं काय ते सांगितलं. थर काढला की सूज उतरेल, हिरडी दाताला पुन्हा घट्ट धरेल. झिजलेलं हाड परत येणार नाही. पण काळजी घेतली तर दात जागेवर राहील.

"आणि किती वेळा यावं लागेल?"

"आधी काही फेऱ्या. मग दर तीन महिन्यांनी. हा थर पुन्हा पुन्हा बसतो."

"किती दिवस?"

"जन्मभर."

"जन्मभर..." त्याचा चेहरा पडला. "डॉक, जन्मभराचं तर मी अजून कुणालाच बोललो नाहीये."

"मग सुरुवात हिरड्यांपासून करा."

तो हसला. या वेळी ओठ मिटायला विसरला. सेलीनं व्हॅसलीनची डबी उघडली. थर कुठे आहे ते दाखवणारा रंग दातांना लावायच्या आधी ओठांना व्हॅसलीन लावावं लागतं, नाहीतर ओठही रंगतात. हातमोजा घातलेलं बोट तिनं आजवर किती ओठांवरून फिरवलं असेल, मोजदाद नाही. त्या दुपारी मात्र ते बोट खालच्या ओठाच्या मधोमध येऊन जरासं अडखळलं. ट्रम्पेट टेकून टेकून तिथे एक पुसटसा गोल वळ पडला होता. त्यानं डोळे मिटले नाहीत. तिनं मात्र डबीचं झाकण लावताना दोनदा पाडलं.

रंग लावून चूळ भरली आणि तिनं त्याच्या हातात आरसा दिला. दातांच्या कडाकडांनी, हिरडीलगत, गर्द जांभळं.

"हे सगळं माझं?"

"तुमचंच. मी बाहेरून काही आणलेलं नाही."

यंत्र सुरू झालं. सुरसुर आवाज, कोमट पाणी, गोडसर पावडरीची धुकट फवारणी. जांभळं पुसत गेलं आणि खालून दात निघत गेले. त्याला बोलता येत नव्हतं, म्हणून दोघांच्या वाटचं तीच बोलत होती. पावसाबद्दल, मनिलातल्या गर्दीबद्दल, तिला सुरांतलं काही कळत नाही याबद्दल. तो डोळ्यांनी उत्तरं देत होता. त्याची एक भुवई दुसरीपेक्षा जास्त बोलकी होती.

"आं," तो मध्येच म्हणाला.

"दुखतंय?"

मान नकारार्थी हलली. "आं."

"बरं वाटतंय?"

"आं... आं."

काम संपल्यावर त्यानं चूळ भरली, तोंड पुसलं आणि विचारलं, "मघाशी मी काय म्हणालो ते कळलं का?"

"आं म्हणालात."

"त्यात बरंच होतं, डॉक." मग यंत्राकडे बोट दाखवून तो म्हणाला, "म्हणजे तुम्हीही फुंकूनच पोट भरता. माझ्या फुंकरीनं गाव जागं होतं, तुमच्या फुंकरीनं मी गप्प झालो."

पुढच्या फेऱ्यांना तिनं पुढच्या दाताभोवती बसलेलं कडक किटण काढलं, घरी दातांच्या फटीतून बारीक ब्रश कसा फिरवायचा ते आरशासमोर शिकवलं. आणि देल्फिननं एक खूळ काढलं. प्रेमात पडलेली माणसं फुलं पाठवतात. ह्यानं चावलेले पुतो पाठवायला सुरुवात केली. सकाळी सरावाला जाताना दवाखान्याच्या खिडकीच्या कट्ट्यावर केळीच्या पानाच्या तुकड्यावर एक अर्धा पुतो ठेवलेला असायचा. पहिल्या दिवसांत त्यावर गुलाबी रेघ होती. मग ती फिकी झाली. मग एका सकाळी पुतो पांढरा स्वच्छ होता, आणि सेली तो हातात घेऊन अशी उभी राहिली की नानायनं विचारलं, "दागिना आहे का गं तो?"

"रक्त थांबलंय, नानाय."

"त्याचं थांबलं असेल. तुझं मात्र सगळं गालांवर आलंय."

सेलीनं गाल पुसले, जणू काही पुसून जाण्यासारखं होतं. तिला तो आवडायला लागला होता. चावलेला पुतो टाकून द्यायच्या ऐवजी आपण तो खाऊन टाकला, हे लक्षात आलं त्या सकाळी तिनं स्वतःशी ते कबूल केलं.

जत्रा दहाएक दिवसांवर आली तेव्हा शेवटची मोठी फेरी झाली. पुढच्या दाताभोवती, हिरडीच्या अगदी आत. संपल्यावर तिनं हातमोजे काढले आणि त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली.

"नीट ऐका. चार दिवस ट्रम्पेट बंद. हिरडी आत्ता दातापासून मोकळी आहे. तुम्ही जोर लावून फुंकलंत तर हवा आत घुसेल."

"घुसली तर?"

"गाल फुगेल. कातडीखाली हवा अडकून बसेल."

"बरं."

"बरं नाही. म्हणून दाखवा."

"चार दिवस ट्रम्पेट बंद." मग तिच्या उघड्या हाताकडे बघत तो हळूच म्हणाला, "आज पहिल्यांदा हातमोज्याशिवाय बघितला. एवढासा हात आणि एवढा दरारा..." तिनं हात लगेच मागे घेतला नाही.

त्या संध्याकाळी ती खिडकी लावत होती आणि समोरच्या हॉलमधून तो सूर आला. एकच. सगळ्या गदारोळातून वर चढत गेलेला, लांबलचक... आजवर तो ऐकला की तिचं काम थांबायचं. त्या दिवशी तिचा श्वास थांबला. कडी हातात तशीच राहिली.

घडलं होतं ते असं. तळ्यापलीकडच्या बँडचे मायस्त्रो आगाऊ न कळवता सराव ऐकायला येऊन बसले होते. जुगलबंदीच्या आधी एकमेकांचा दम जोखायला असं येतात. तो तिथला जुनाच खोडसाळपणा आहे. पाहुण्यासमोर आमादोंनी मुलाला खूण केली. नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. देल्फिननं ट्रम्पेट ओठांना लावलं.

सकाळी त्याचा डावा गाल टम्म फुगला होता. आणि त्याच्याही आधी बाजारात बातमी फुगली होती. पुन्सालानांच्या मागच्या दारातून त्याला बाहेर पडताना कुणीतरी पाहिलं होतंच. दुपारपर्यंत सगळं गाव एकच वाक्य बोलत होतं, पावडरवालीनं आमादोच्या पोराच्या गालात हवा भरली.

जे दोनचार पेशंट धीर करून यायला लागले होते तेही बंद झाले. नानाय मासळी आणायला गेली आणि रिकामी टोपली घेऊन परत आली.

"ती मासळीवाली इस्कांग मला विचारते, तुझी लेक टायरपण भरते का म्हणून." टोपली तिनं कोपऱ्यात भिरकावली. "तू सांगून का टाकत नाहीस त्यांना? तू त्याला फुंकू नको म्हणाली होतीस, मी कानांनी ऐकलंय."

"त्याच्या तोंडातली गोष्ट मी बाजारात जाऊन सांगू?"

"मग त्याच्या तोंडाला काय झालंय? त्याला सांगू दे."

सेलीनं टोपली उचलून जागेवर ठेवली. ती रिकाम्या दवाखान्यात बसून राहिली. पेशंट गेल्याचं तिला वाईट वाटत होतं, पण कान पुढच्या दाराकडे नव्हते. ते मागच्या कडीवर होते. ती कडी वाजत नव्हती, आणि तिला त्याचाच जास्त राग येत होता. खिडकीच्या कट्ट्यावर केळीचं पान नव्हतं. माणसाला एका चावलेल्या घासाची इतकी सवय लागावी, याची तिची तिलाच लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी छत्री घेऊन ती स्वतःच रस्ता ओलांडून हॉलमध्ये गेली. राग असला तरी गाल तिच्या पेशंटचा होता.

सगळा बँड तिथे होता. वाजवणं एकदम थांबलं. देल्फिन कोपऱ्यात, गालावर रुमाल धरून. तिनं रुमाल बाजूला केला आणि बोटांनी गाल चाचपला. कातडीखाली बारीक चुरचुर लागली, फडक्यात बांधलेल्या मिठासारखी.

"दुखतंय?"

"नाही."

"ताप?"

"नाही."

"हवा आपोआप जिरेल. गोळ्या लिहून देते, त्या वेळेवर घ्या. पण आता दोन आठवडे ट्रम्पेटला हात लावायचा नाही."

"दोन आठवडे?" मायस्त्रो आमादो पुढे आले. उंच, ताठ, ओठांवर पांढरी मिशी. "डॉक्टर, जत्रा आठवड्यावर आलीये. माझा मुलगा धडधाकट होता. तुमच्या त्या यंत्रानं त्याचं हे करून ठेवलं, आणि आता तुम्हीच त्याला बंदी घालताय?"

सेलीनं देल्फिनकडे बघितलं. एक वाक्य पुरलं असतं. त्यानं तोंड उघडलंही... आणि वडिलांकडे बघून मिटलं. मग तो आपल्या बुटांकडे बघत राहिला.

"गोळ्या जेवणानंतर," ती म्हणाली आणि बाहेर पडली. छत्री उघडायचंही तिला सुचलं नाही.

मागून कुणाचीतरी सपाता फटफटवत पावलं आली. लोलो कास्तोर. त्यांनी आपली छत्री तिच्या डोक्यावर धरली.

"इहा, पोरी, रागावू नकोस असं नाही म्हणत. रागाव," आजोबा म्हणाले. कवळी नसल्यामुळे त्यांचे शब्द मऊ पडत. "आम्हा मोहिकांचा सगळा आवाज ट्रम्पेटमधून निघतो. तोंडातून निघायला वेळ लागतो. तू त्याला फुंकू नको म्हणाली होतीस ना?"

सेलीनं आता कुठे आपली छत्री उघडली.

"कळलं," लोलो म्हणाले. "माझा पहिला दात हलला तेव्हा मीही असाच गप्प बसलो होतो. मला कुणी वेळेवर छडी मारली असती तर बरं झालं असतं."

जत्रेच्या पहाटे बँड गावभर वाजत फिरतो. त्याला तिथे दियाना म्हणतात. उजाडायच्या आत प्रत्येक गल्लीतून वाजवत जायचं, गावाला उठवायचं. थांबायचं मात्र मोजक्याच दारांत. जत्रेचा यजमान, पाद्रीबाबा, एखादं मातबर घर. जिथे बँड थांबतो त्या घरानं सगळ्यांना न्याहारी द्यायची, आणि त्या घराची गोष्ट मग गाव वर्षभर बोलतं.

सेली उठली ती आल्याच्या वासानं. स्वयंपाकघरात नानायनं भलंमोठं पातेलं चढवलं होतं. आलं आणि कोंबडी घातलेली तांदळाची पेज रटरटत होती. शेजारी उकडलेल्या अंड्यांची रास.

"एवढं कुणासाठी?"

"जत्रेला माणसं येतात."

"आपल्याकडे हल्ली मांजरसुद्धा येत नाही, नानाय."

"मग मांजराला घालू," नानाय म्हणाली आणि अंडी सोलायला लागली.

लांबून ढोल ऐकू आला. मग क्लॅरिनेट. सेलीनं कान बंद करायचं ठरवलं होतं, पण ट्रम्पेट आलं तेव्हा ती ऐकत होती. सूर बरोबर होते, पण तो आवाज त्याचा नव्हता. कोवळा, जरा घाबरलेला. दात गेला? हवा उतरलीच नाही? रागबिग सगळं एका क्षणात कुठल्या कुठे गेलं. तिला फक्त तो धड आहे एवढंच कळायला हवं होतं.

बँड गल्लीत शिरला. जवळ आला. अगदी जवळ आला आणि थांबला.

"उघड ना दार," नानाय हात पुसत म्हणाली. "का मीच सगळं करू?"

सेलीनं पुढचं दार उघडलं. बारीक भुरभुर होती. पांढऱ्या गणवेशातला सगळा बँड तिच्या पायरीशी. ट्रम्पेट देल्फिनच्या चुलतबहिणीच्या, नेनिताच्या हातात होतं. आणि रांगेच्या शेवटी, लोलो कास्तोर जिथे उभे राहायचे तिथे, देल्फिन उभा होता. गाल नेहमीसारखा, सपाट. दोन्ही हातांत झांजा.

समोरच्या, शेजारच्या, सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली होती. तो रांगेतून पुढे आला. झांजा काखेत धरल्या, पुन्हा हातात घेतल्या, त्यांचं काय करावं ते त्याला कळेना.

"सगळ्यांनी ऐका," तो म्हणाला. आवाज पहिल्यांदा फाटला, मग लागला. "माझा गाल यंत्रानं नाही फुगला. डॉक्टरांनी मला चार दिवस फुंकू नको म्हणून बजावलं होतं. माझ्याकडून म्हणवून घेतलं होतं. मी त्याच संध्याकाळी फुंकलं. माझ्या हिरड्या सुटत चालल्या होत्या, पुढचा दात हलत होता. सोलो जाईल म्हणून मी ते घरी लपवलं. यांनी माझा दात वाचवला. आणि मी... यांच्यावर सगळे बोलत असताना बुटांकडे बघत बसलो."

मायस्त्रो आमादोंनी मिशीवरचं पाणी पुसलं.

"मला त्यानं तीन दिवसांपूर्वीच सांगितलं, डॉक्टर," ते म्हणाले. "ऐकून घ्यायला मला तीन दिवस लागले. मला माफ करा."

पण सेली झांजांकडे बघत होती.

"आणि सोलो?"

"नेनिता वाजवणार. तिचे दात चांगले आहेत."

"वर्षभर वाट बघितली होतीस तू त्याची." 'तू' तोंडातून कधी निघालं ते तिला कळलंही नाही. त्याला कळलं. ती बोलकी भुवई वर गेली.

"तुम्ही दोन आठवडे म्हणालात, डॉक. अजून पुरे व्हायचेत."

तिचे डोळे भरून आले. एवढ्या लोकांसमोर रडायचं नाही म्हणून ती ओठ चावून उभी राहिली, आणि मागून नानायनं तिला सरळ बाजूला सारलं. "पेज निवतेय. आत या सगळे. लोलो, तुम्ही काल म्हणालात तेवढीच अंडी उकडलीयेत, कुणी दोन घेऊ नका."

सेलीनं वळून बघितलं. लोलो कास्तोर छत्री मिटण्यात फार गुंतले होते.

वेटिंगच्या बाकांवर, पायऱ्यांवर, अगदी पेशंटच्या खुर्चीवरही बँड बसला आणि भुरके मारत पेज प्यायला लागला. ढोल कपाटाला टेकवला होता. मायस्त्रो वाटी घेऊन सेलीजवळ आले आणि भिंतीकडे तोंड करून पुटपुटले, "तो जांभळा रंग असतो ना, डॉक्टर... मलाही कधी लावून बघाल का? सकाळी ब्रशला... म्हणजे तसं फार नाही..."

"मागच्या दारानं या," सेली तितक्याच हळू म्हणाली.

ती आणखी वाट्या आणायला स्वयंपाकघरात गेली तर देल्फिन तिथे उभा. कडीजवळ, आपल्या नेहमीच्या जागी. हातात केळीचं पान, पानावर एक पुतो. अख्खा.

"आज चावला नाहीस?"

"अर्धा तुझा आहे," तो म्हणाला. मग घाबरून, "तुमचा..."

"तुझा म्हणालास ते चालेल."

त्यानं पुतो तोडला. दोघांनी चावा घेतला आणि दोघांनीही आपापल्या तुकड्याकडे बघितलं. सवयच तशी लागली होती. दोन्ही पांढरे स्वच्छ.

"सेली." पहिल्यांदाच नुसतं नाव. "दर तीन महिन्यांनी यायचंय ना मला?"

"हो."

"जन्मभर?"

"सांगितलंय ना."

"मग..." त्यानं पानाची कड दुमडली, सोडली, पुन्हा दुमडली. "मधले दिवस मी काय करायचं? मला तुझ्याशिवाय करमत नाही. इतके दिवस कट्ट्यावर पुतो ठेवला नाही तर मलाच भूक लागेनाशी झाली. मला तू आवडतेस. दात नसते ना, तरी आलो असतो."

बाहेर पेजेचे भुरके चालू होते. पन्हाळीतून पाणी टपटपत होतं. सेलीनं हात पुढे केला आणि त्याच्या खालच्या ओठावरच्या त्या पुसट वळावर बोट ठेवलं. हातमोजा नव्हता. या वेळी बोट अडखळलं नाही.

"मलाही तू आवडतोस," ती म्हणाली. "पण मधल्या दिवसांत असं चोरून मागून यायचं नाही. मधल्या दिवसांत पुढच्या दारानं यायचं. सगळ्यांसमोर."

त्यानं पान तिच्या हातात दिलं. मग कडी काढून पावसात निघून गेला. सेली पान हातात घेऊन तशीच उभी राहिली. पाठमोरी नानाय अंडी सोलत होती, आणि तिनं काहीच ऐकलं नाही असं दाखवण्यासाठी जरा जास्तच जोरात सोलत होती.

थोड्याच वेळात घराला वळसा घालून कुणीतरी पुढच्या काचेवर टकटक केली. दवाखान्यातले भुरके थांबले.

"आता कोण आलं?" नानायनं विचारलं. "पेशंट का?"

"नाही, नानाय," सेली केस सारखे करत म्हणाली. "पेशंट मागच्या दारानं येतात."

आणि ती दार उघडायला गेली.